दोन्ही विधानं खरी धरून

नांदेड, १४ फेब्रुवारी २०१६

आत्या,

तुमच्या सुनेचं, जगदेवीचं, शरणार्थ. सून म्हणायचं की नाही ते आता कोर्ट ठरवणार आहे, पण तोवर म्हणून घेते.

हे पत्र तुमच्या भजनातल्या दानम्मा मावशींच्या पत्त्यावर टाकलंय. दुकानाच्या पत्त्यावर टाकलं असतं तर तुमच्या चिरंजीवांनी आधी फोडलं असतं आणि तुम्हाला वाचून दाखवताना पदरची चार वाक्यं घातली असती. तुम्ही सातवी शिकलेल्या आहात, तुम्हाला कुणी वाचून दाखवायची गरज नाही, हे त्या घरात मला एकटीलाच आठवायचं.

दोन वर्षांत तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही. राग होता. अजून आहे, उगाच गोड कशाला बोलू? पण परवा कोर्टाचं पाकीट आलं. तुमच्या मुलानं लातूरच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केलाय. घटस्फोटाचं मला काही वाटत नाही, मिळाला तर मी पेढे वाटीन. पण त्यात लिहिलंय की बायको कारण नसताना, स्वतःहून घर सोडून गेली. आणि पुरावा काय, तर निघताना उंबऱ्यात उभी राहून चार माणसांसमोर ती 'येते' न म्हणता 'जाते' म्हणाली. म्हणजे परत यायचा तिचा इरादाच नव्हता.

ज्या वकिलाला हे सुचलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. बाई शेजारी विरजण मागायला निघाली तरी 'येते' म्हणते, हे जजसाहेबांनाही त्यांच्या आईनं शिकवलेलं असणार. तिथं वेगळा पुरावा लागत नाही.

'जाते' मी म्हणाले, हे खरं आहे. चार माणसांनी ऐकलं तेही खरं. माझ्या तोंडून सवयीनं 'येते' निघत होतं, तेवढ्यात तुम्ही कानाशी लागलात ते मात्र कुणी ऐकलं नाही. "येते म्हणू न्हको. जाते म्हण." एवढंच बोललात आणि पिशवी हातात दिलीत. घरातून कायमची गेलेली माणसंच परत येत नाहीत, आत्या. तुम्ही मला जिवंतपणी त्यांच्यात घातलंत असं मला वाटलं. तुमच्या मुलाचा हात मी विसरेन, ते वाक्य विसरणार नाही, असं एसटीत बसल्या बसल्या ठरवलं होतं.

उमरीला गेले तर आमच्या अण्णांनी दारातच विचारलं, "काढून दिलं का सोडून आलीस?" मी सांगितलं, सासूनं काढून दिलं. त्यांनी तुमच्याकडे देवणीला माणूस पाठवला. माणूस चार जणांना विचारून आला की पोरगी स्वतःच 'जाते' म्हणाली. अण्णा म्हणाले, "काढून दिलेल्या लेकीला बापाचं घर हाय. सोडून आलेलीला न्हाई." त्या दिवसापासून मी नांदेडात आहे. वजिराबादेत साडीच्या दुकानात उभी राहते आणि चतुराबाई नावाच्या एका म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहते. ती चांगली आहे, पण तिला ऐकू येत नाही. त्यामुळे घरी आल्यावर बोलायला कुणी नाही, आणि कधी कधी माझा आवाज मलाच नवा वाटतो.

मला एवढंच विचारायचंय, तुम्ही तसं का केलंत?

जगदेवी


नांदेड, ६ मार्च २०१६

आत्या,

तुमचं उत्तर नाही. दानम्मा मावशींनी फोनवर सांगितलं की पत्र दिलं, तुम्ही पदराखाली घातलंत आणि भजनाला न थांबता घरी गेलात. म्हणजे वाचलंत. नसतं वाचायचं तर तिथंच चुलीत घातलं असतंत, तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

मी वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसतेय. तीन वर्षांचा कोर्स आहे, बी.ए. चालतं. आता हसा. तुमच्या घरात मी हिशेबात चुकले तर तुमचे चिरंजीव म्हणायचे, वकिलीन बाई आल्या. त्यांच्या तोंडात साखर पडो. संध्याकाळी नरसिंग सरांच्या क्लासला जाते. सगळी पोरं माझ्यापेक्षा लहान, मला 'मॅडम' म्हणतात आणि माझ्या शेजारचा बाक मोकळा ठेवतात.

बाकी सगळं जमतं. एका तऱ्हेच्या प्रश्नात मात्र मी रोज मार खाते. त्याला विरोधाभासाचे प्रश्न म्हणतात. दोन विधानं देतात, दोन्ही एकमेकांच्या उरावर बसलेली. मग विचारतात, खालीलपैकी कोणतं तिसरं विधान खरं असेल तर ही दोन्ही एकत्र नांदतील? नांदतील हा शब्द माझा. पुस्तकात 'सुसंगत ठरतील' असं आहे.

कालचाच घ्या. एका गावात पाण्याचे टँकर पहिल्यापेक्षा दुप्पट आले, तरी टँकरपुढची रांग पहिल्यापेक्षा लांब झाली. का? मी ताडकन पर्याय निवडला, की टँकरवाला अर्धा टँकर मधल्यामध्ये विकतो. सगळा वर्ग हसला. नरसिंग सर म्हणाले, "मॅडम, टँकर दुप्पट आले हे त्यानं लिवलंय ना? मग आले. पेपर काढणाऱ्याशी भांडून राहिले का तुम्ही? दोन्ही विधानं खरी धरायची. एकाला खोटं पाडलं की प्रश्न सुटत न्हाई, मरतो."

बरोबर उत्तर असं होतं: टँकर नेमानं येतो म्हटल्यावर आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोकही त्याच गावात पाण्याला यायला लागले. टँकरही दुप्पट, रांगही लांब. कुणीच चोर नाही. मला चोर सापडल्याशिवाय चैन पडत नाही, हा माझा रोग आहे.

तुमच्याकडे टँकर येतो का? रांगेत तुम्हीच उभ्या राहत असाल. तुमचे चिरंजीव नव्या उदगीर जिल्ह्याच्या कृती समितीचे सरचिटणीस, ते कशाला घागर उचलतील.

जगदेवी


नांदेड, १० एप्रिल २०१६

आत्या,

गुरुवारी लातूरला पहिली तारीख होती. तुम्ही याल असं उगाच वाटलं होतं. बसस्टँडपासून कोर्टापर्यंत जिथं तिथं रिकाम्या घागरींच्या ओळी. लातूरला आता रेल्वेनं पाणी आणणार म्हणतात. ज्या लॉजमध्ये अमृतराव वकिलांनी मला बसवून कागद समजावले, तिथला पोऱ्या चहा विचारायचा, पाणी विचारायचा नाही.

अमृतराव माझे वकील. सरकारनं फुकट दिलेत, पण माणूस कामाचा आहे. तुमचे चिरंजीव पांढऱ्या कपड्यांत आले होते. खिशाला बिल्ला, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'. कोर्टाच्या पायऱ्यांवर ते एकाला सांगत होते की देवणीच्या माणसाला न्यायासाठी लातूर लांब पडतं, म्हणून नवा जिल्हा पाहिजे. मला हसू आवरेना. न्याय मागायला एवढ्या लांबून आलेत बिचारे. माझ्याकडे बघून त्यांनी मनगटावरचं घड्याळ सारखं केलं. तेवढ्यानं माझा हात आपोआप तोंडासमोर आला, आणि ते अमृतरावांनी पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला 'जाते' म्हणायला सासूनं लावलं हे दुसऱ्या कुणी ऐकलंय?" मी म्हणाले, सासूनंच ऐकलंय. ते म्हणाले, मग सासूलाच साक्षीला बोलवावं लागेल. मी म्हणाले, ती बाई माझ्या बाजूनं कशाला बोलेल, तिनंच मला हाकललं. त्यांनी तरी तुमचं नाव वहीत लिहून घेतलं.

येताना एसटीत मी तुमचा प्रश्न पेपरातल्यासारखा मांडून पाहिला. सवय लागलीय. विधान पहिलं: सासूनं सुनेला 'जाते म्हण' म्हणून सांगितलं, म्हणजे परत येऊ नको. विधान दुसरं: त्याच सासूनं सुनेच्या पिशवीत वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. 'सासू दुष्ट होती' म्हटलं तर दशम्या उरतात. 'सासू प्रेमळ होती' म्हटलं तर ते वाक्य उरतं. नरसिंग सर म्हणतात, अर्धंच सांगणारा पर्याय सगळ्यात फसवा असतो, पोरं तिथंच जातात. मी दोन वर्षं तिथंच बसलेय.

जगदेवी


नांदेड, २ मे २०१६

आत्या,

सुटलं.

काल चतुराबाईंच्या नातीला सासरी पाठवायचं होतं म्हणून मी दशम्या करायला बसले. दूध तापवलं, गूळ विरघळवला, पीठ मळलं, ते मुरायला ठेवलं, मग एक एक थापून मंद आचेवर भाजली. चांगली दुपार गेली त्यात. शेवटची दशमी तव्यावर असताना माझा हात थांबला. भांडण तर बघता बघता झालं होतं, आत्या. तुमच्या मुलाचा आवाज चढला, तुम्ही आत गेलात आणि लगेच पिशवी घेऊन बाहेर आलात. भांडणानंतर कुणी दशम्या करू शकत नाही. त्या आधीच केलेल्या होत्या. भांडण व्हायच्या आधीच पिशवी भरलेली होती.

तव्यावरची दशमी करपली. मी तिथंच बसून रडले. चतुराबाईंना वाटलं चटका बसला, त्यांनी हाताला तूप लावलं.

मग एकेक उलगडत गेलं. त्या दिवशी समितीची बैठक आपल्या दुकानात होती. एरवी तुमच्या मुलानं आवाज चढवला की तुम्ही मध्ये पडायचात, मला स्वयंपाकघरात ढकलून कडी लावायचात, एकदा तर माझ्यावरचा तडाखा तुम्ही खाल्लात. त्या दिवशी तुम्हीच चहावरून त्यांना डिवचलंत, पाहुण्यांना ऐकू जाईल असं. नव्या जिल्ह्यासाठी भाषण करणाऱ्या माणसाला चार प्रतिष्ठित माणसांसमोर बायकोवर हात टाकता येत नाही. तुम्ही दिवस निवडला होता. आणि 'जाते म्हण' एवढ्यासाठी, की मी 'येते' म्हणाले असते तर दिला शब्द पाळायला परत आले असते. माझा वेडेपणा तुम्हाला ठाऊक होता. हाकललं नव्हतं तुम्ही, सोडवलं होतं.

माझा सगळा राग एका दुपारीत गेला, आणि त्याच्या जागी काय ठेवावं ते मला कळत नाही. इतकी वर्षं एकत्र राहिलो, पण मी तुम्हाला कधी 'आई' म्हटलं नाही.

अमृतरावांना फोन केला. ते म्हणाले, सासू हे एवढं बोलली तर केस उलटी फिरते. अण्णांनाही कळवलं. त्यांचा दोन वर्षांनी पहिला फोन आला. म्हणाले, "कोर्टात तुझी सासू तसं बोलली तर मी सोता तुला घ्यायला येतो. आईनं तुझी खोली आजून तशीच ठेवलीया." आत्या, मला घरी जायचंय. इथं दुखलंखुपलं तर विचारणारं कुणी नाही. रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी माझ्याशी कुणी एक शब्द बोलत नाही. तुम्ही एवढं एक बोला माझ्यासाठी.

तारीख ९ जून आहे. समन्स येईल.

तुमची जगू


नांदेड, २९ मे २०१६

आत्या,

मागच्या पत्रात मी मागून बसले, आणि मागताना पुढचा विचार केला नाही. आज दानम्मा मावशींचा फोन आला.

त्या म्हणाल्या, "जगू, तुझी सासू लई येड्यावानी करून राहिली बघ. काल तांब्याची घागर माझ्याकडं आणून ठिवली. इरकल लुगडंबी दिलं. म्हनली, ऱ्हाऊ दे, पुढं कुठं जावं लागंल काय म्हाईत." मी विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "तुला ठावं न्हाई का? पोरगा बोललाय. कोर्टात उलटं बोललीस तर त्याच पावली बाहेर, परत देवणीत पाय ठिवू न्हको." मी विचारलं, मग आत्या काय म्हणतात? "काय म्हनायचं? म्हनती, पोरीनं मागितलंय, बोलावं तर लागंल."

तुमचा भाऊ निलंग्याला होता, तो गेला. मुलगी नाही. लोक गाव सोडून पुण्याच्या वाटेला लागलेत, तुम्ही या वयात कुठं जाणार? माझ्या खोलीत या म्हणून लगेच लिहायला घेतलं. मग आठवलं, या खोलीत भाडेकरू एकच, अशी चतुराबाईंच्या मुलाची अट आहे. पाणीही तेवढंच मिळतं, दिवसाआड. तरी मी तुम्हाला ठेवून घेतलं असतं. पण तुम्ही आला नसतात. मुलाच्या दारातून निघून सुनेच्या दारात जाऊन बसणारी बाई तुम्ही नाही. तुम्ही मठात जाऊन बसाल, कुणी वाढलं तर जेवाल आणि कुणाला सांगणार नाही.

माझ्याही प्रश्नात मी एक विधान विसरले होते. सासूनं सुनेला सोडवलं, आणि स्वतः तिथंच राहिली. का राहिली, याचं उत्तर सोपं आहे, तुम्हाला जायला दुसरी जागा नव्हती. मला ते दिसलं नाही, कारण तोवर मला माझं उत्तर मिळालं होतं.

घागर परत आणा. लुगडंही. काही बोलू नका. मी अमृतरावांना सांगते.

जगू


नांदेड, १० जून २०१६

आत्या,

काल तुम्ही समोर होतात, पण हे तिथं बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

तुम्ही माझं ऐकणार नाही हे मला तुमच्याकडे बघताच कळलं. धुतलेलं पातळ, कपाळाला विभूती, आणि बगलेत गाठोडं. कोर्टात साक्षीला येणारी बाई गाठोडं घेऊन येत नाही. तुम्ही घर सोडूनच आला होतात. अमृतरावांना मी आधीच विनवलं होतं की आत्यांना बोलवू नका. ते म्हणाले, समन्स गेलंय, बाई स्वतःहून आलीय, आणि तुमची सगळी केस तिच्यावर उभी आहे, मी का सोडू? त्यांचंही बरोबर होतं.

अण्णा उमरीहून आले होते. मागच्या बाकावर बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. माझ्यासाठी आईनं डब्यात काही दिलं होतं, तो डबा त्यांच्या पायाशी होता.

आधी माझी साक्ष झाली. शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. तुमच्या मुलाच्या वकिलानं विचारलं, "निघताना तुम्ही 'जाते' म्हणालात?" मी म्हणाले, हो. "लग्न झालेली बाई काय म्हणते हे तुम्हाला माहीत होतं?" हो. "तुम्हाला तसं म्हणायला कुणी लावलं?" हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला, माझं उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यावर मला खोटं पाडायची त्यांची तयारी होती.

तुम्ही बाकावरून अर्ध्या उठला होतात.

मी म्हणाले, "कुणी नाही. मी माझ्या मनानं म्हणाले."

अमृतरावांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांना तुम्हाला बोलवायचं कारणच उरलं नाही. बोलवलं असतं तर त्यांच्याच साक्षीदारानं त्यांच्याच अशिलाला खोटं पाडलं असतं. तुम्ही तशाच अर्ध्या उभ्या राहिलात, शिपाई म्हणाला, "बसा आजीबाई." मागं वळून पाहिलं तेव्हा अण्णांची जागा मोकळी होती. डबाही नव्हता. बाहेर येऊन रस्त्यापर्यंत पाहिलं, ते स्टँडकडे पाठमोरे चालले होते. मी हाक मारली नाही. काय सांगणार होते?

पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा आहे. वकील व्हायला निघालेली बाई आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात उभी राहिली आणि शपथेवर खोटं बोलली. नरसिंग सरांना सांगितलं तर म्हणतील, मॅडम, तिसरं विधान काय? तिसरं विधान तुम्ही आहात, आत्या. तुमच्या डोक्यावरचं छप्पर राहावं. तुमचे चिरंजीव आता खुश असतील, चार दिवस तुमच्याशी बरे बोलतील. गाठोडं सोडा आणि जिथल्या तिथं ठेवा. कुणाला काही सांगू नका, मलाही उलट लिहू नका. मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण पश्चात्ताप होत नाही.

तुमचे चिरंजीव गाडी आणायला गेले तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर तुम्ही त्या टोकाला होतात आणि मी या टोकाला. मला वाटलं, आता तरी काही बोलाल, का केलंस म्हणून विचाराल, नाहीतर रागवाल. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालात, "पाणी पिलीस का ग?"

मी म्हणाले, "हाव."

सकाळपासून मी घोटभरही पाणी प्यायले नव्हते. पण तुमच्या हातातल्या बाटलीत थोडंच उरलं होतं, आणि तुम्हाला देवणीपर्यंत जायचं होतं.

जगू